'संग्रहित' हे कुणाचंही नाव नाही

प्रति,
मराठी दैनिकांचे आणि बातम्यांच्या पोर्टलचे संपादक, वृत्तसंपादक, आणि रात्री उशिरा पान लावणारे उपसंपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या ऑगस्टात आमच्या पेठेतले टेलर मोबाइल नाचवत माझ्या स्टुडिओत आले. "दादा, मी काय दरसाल बुडतो का हो?" मोबाइलवर त्यांचाच फोटो होता. कमरेएवढ्या पाण्यातून चाललेत, डोक्यावर शिलाई मशीनचं नुसतं हेड, खताच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि गळ्यात मापाची टेप तशीच लोंबतेय. फोटो २०१९ च्या पुरातला. काढलेला मी. खाली लिहिलं होतं, 'संग्रहित छायाचित्र'.

हा फोटो दर पावसाळ्यात कुठे ना कुठे येतो. एका पोर्टलनं तो विदर्भातल्या पुराला लावला होता, एकानं 'सौजन्य : गूगल' असं लिहून मोकळं झालं. गूगल काही त्या दिवशी आमच्या पेठेत पाण्यात उतरला नव्हता. मला वाईट वाटलं, पण मी सवयीचा. टेलरांचं मात्र खरोखर नुकसान होतं. फोटो फिरायला लागला की लेकीच्या सासरहून फोन येतात आणि गणपतीच्या तोंडावर गिऱ्हाइकं धावत येतात, "आमचं कापड भिजलं नाही ना?" दोघा-तिघांनी तर न शिवलेलं कापड परत नेलं.

माझी ओळख एवढीच. कृष्णाकाठच्या गावात बसस्टँडसमोर स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी. जोडीला तीस वर्षं स्ट्रिंगर. पगार नाही, छापलं तर मानधन. पूर्वी रोल धुऊन प्रिंट काढायची, पाकिटात घालायची आणि सांगलीच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायची. प्रिंटच्या पाठीवर बॉलपेननं लिहायचं नाही, हा पहिला धडा. दाब पुढं उमटतो आणि माणसाच्या गालावर अक्षरं दिसतात. म्हणून मऊ पेन्सिल, किंवा चिठ्ठी डकवायची. चिठ्ठीवर कोण, कुठं, कधी, आणि खाली 'छाया :' करून नाव. ते पाकीट कंडक्टरच्या खिशातून जायचं, पावसात भिजायचं, पण नाव पोचायचं. आता फोटो अर्ध्या मिनिटात डेस्कच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो आणि तिथंच त्याच्या पोटातली सगळी माहिती, तारीख, कॅमेरा, मी भरलेलं नाव, पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. हे डेस्कवरच्या किती जणांना माहीत आहे, ते तुम्हीच विचारून बघा.

१९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, तुमच्या पुरवण्यांत जगातल्या गाजलेल्या फोटोंवर लेख येतात. मी ते आवडीनं वाचतो. त्या फोटोंच्याच गोष्टी आज तुमच्यापुढं मांडतो, कारण त्यातल्या बहुतेकांचं पुढचं रामायण फोटोओळीवरूनच झालेलं आहे.

डोरोथिया लँग या बाईंचा 'मायग्रंट मदर' तुम्ही शंभर वेळा छापला असेल. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. लँग सरकारी खात्यासाठी फोटो काढत फिरत होत्या. काम संपवून घरी निघालेल्या, तळाची पाटी मागं टाकून वीसेक मैल पुढं गेल्या, आणि मग गाडी वळवून परत आल्या. तंबूत एक बाई पोरांना घेऊन बसलेली. काही फोटो काढले आणि निघाल्या. बाईचं वय विचारलं, बत्तीस. नाव विचारलं नाही. हे लँग यांनीच पुढं लिहून ठेवलं आहे.

फोटो सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरात आला, सरकारनं तळावर वीस हजार पौंड अन्नधान्य धाडलं. तोवर ती बाई पोरांना घेऊन कामाच्या शोधात पुढं निघून गेली होती. तिचं नाव जगाला कळायला १९७८ उजाडलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन. तिथल्या एका स्थानिक पेपरच्या वार्ताहरानं तिला गाठलं तेव्हा ती जे बोलली ते कुठल्याही फोटोग्राफरनं ऐकावं असं आहे: हा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही, तिनं नाव विचारलं नाही, प्रत पाठवते म्हणाली आणि पाठवली नाही. लँग यांच्या टिपणात लिहिलं होतं की या कुटुंबानं गाडीची टायरं विकून पोट भरलं. घरच्यांनी ते साफ नाकारलं. म्हणजे नाव विचारलं नव्हतंच, वर माहितीही चुकीची लागली, आणि ती चाळीस वर्षं तशीच छापली गेली.

थोडं धंद्यातलं सांगतो. त्या फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा होता. लँग यांना तो खुपला, म्हणून त्यांनी तो निगेटिव्हवर रिटच करून घालवला. नीट निरखलं तर त्या जागी अजून धुरकट डाग दिसतो. आम्ही स्टुडिओवाले नवरीच्या गालावरची पुटकुळी घालवतो, तीच कला. एका अंगठ्याचा एवढा विचार झाला आणि नावाचा झाला नाही, हे मला राहून राहून डाचतं.

डाचायला कारण आहे. २००५ च्या पुरात मी एका आजींचा फोटो काढला होता. लष्कराच्या रबरी बोटीत बसल्यात, मांडीवर कोंबडी. त्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर अजून लावलेला आहे. आजींचं नाव? विचारलं नाही. बोट पुढं गेली. नंतर तीन गावं पालथी घातली, पत्ता लागला नाही. तेव्हा हे पत्र तुमच्याकडं बोट दाखवण्यासाठी आहे तसं माझ्याकडंही आहे.

'अफगाण मुलगी' शरबत गुलाचं तुम्हाला माहीत आहेच. १९८४, पेशावरजवळची निर्वासितांची छावणी, फोटोग्राफर स्टीव्ह मकरी, 'नॅशनल जिऑग्राफिक'चं जून १९८५ चं मुखपृष्ठ, हिरवे डोळे. ते डोळे जगभर पोचले, पण त्या मुलीला नाव मिळालं २००२ मध्ये. २०१६ मध्ये पाकिस्तानात खोट्या ओळखपत्राच्या आरोपावरून तिला अटक झाली तेव्हा हाच फोटो पुन्हा सगळीकडे झळकला. जगातला सगळ्यांत ओळखीचा चेहरा, आणि गुन्हा ओळखपत्राचा.

आता उलट बाजू. फोटोतल्या माणसाचं नाव दर वेळी छापावंच असं माझं म्हणणं नाही. २००२ च्या गुजरात दंगलीत हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून उभा असलेला माणूस आठवतो? आर्को दत्ता यांनी रॉयटर्ससाठी काढलेला फोटो. तो माणूस कुतुबुद्दीन अन्सारी, आणि योगायोग असा की तोही शिंपीच. जीव वाचवून तो आपल्या मालेगावात आला, कामाला लागला. तिथं कुणीतरी पेपर घेऊन आलं, मालकानं चेहरा ओळखला आणि त्याचं काम गेलं. पुढं कोलकाता, मग परत अहमदाबाद. त्याच दंगलीतला दुसरा फोटो, डोक्याला भगवी पट्टी, हातात सळई, दोन्ही हात उंचावलेले. तो सेबॅस्टियन डिसूझा यांनी टिपला. फोटोतला अशोक परमार चांभारकाम करणारा. हा मोची आणि हा शिंपी पुढं २०१४ मध्ये केरळात एकाच व्यासपीठावर बसले, आणि २०१९ मध्ये परमारनं चपलांचं दुकान काढलं त्याचं उद्घाटन अन्सारीच्या हातून झालं. पण निवडणूक आली, दंगल झाली, वर्षपूर्ती झाली की ते दोन फोटो पुन्हा लागतात, आणि त्या दोघांचं वय २००२ मध्येच अडकून पडतं. आमच्या टेलरांसारखंच.

म्हणून माझा हिशोब असा. कॅमेऱ्यामागच्याचं नाव छापलंच पाहिजे. कॅमेऱ्यापुढच्याला विचारलंच पाहिजे, मग छापायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर. साल आणि ठिकाण मात्र दोघांच्याही मर्जीवर नाही, ते हवंच.

कॅमेऱ्यामागच्या नावाचं काय अडलंय, असं तुम्ही म्हणाल. मग डिसूझांचाच दुसरा फोटो घ्या. २६ नोव्हेंबर २००८, छत्रपती शिवाजी टर्मिनस. पाठीवर सॅक, हातात रायफल, कसाब. डिसूझा तेव्हा मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकाचे फोटो एडिटर. ऑफिस स्टेशनासमोरच. गोळ्यांचा आवाज आला तसे कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन हे स्टेशनात धावले. फलाटावर उभ्या असलेल्या गाडीच्या डब्यात शिरून त्यांनी फोटो काढले, फ्लॅश न वापरता. फ्लॅश मारला असता तर तो त्यांचा शेवटचा फोटो ठरला असता. पुढं खटला उभा राहिला तेव्हा विशेष न्यायालयात डिसूझांनी साक्ष दिली, श्रीराम वेर्णेकर या दुसऱ्या वृत्तछायाचित्रकारानंही दिली. फोटो पुरावा झाला तो नुसता फोटो म्हणून नव्हे. 'हा मी काढला, अमुक जागी उभं राहून काढला' असं शपथेवर सांगणारा माणूस पिंजऱ्यात उभा होता म्हणून. उद्या कोर्टानं विचारलं तर 'संग्रहित' साक्षीला येणार आहे का? 'सोशल मीडिया' येणार आहे?

आणि आता तर यंत्रं फोटो बनवू लागली आहेत. पुराचा, मोर्चाचा, बिबट्याचा फोटो बसल्या जागी तयार होतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या नदीत मगर फिरत असल्याचा एक झकास फोटो गावभर फिरला. (कृष्णेत मगरी आहेतच, पण त्या फोटोतली कुठल्याही नदीतली नव्हती.) अशा वेळी खाली एका जित्याजागत्या माणसाचं नाव असणं हीच खरेपणाची पावती. ती तुम्ही आपल्या हातानं फाडून टाकता.

नाव गाळलं की काय घोळ होतो याचं ताजं उदाहरण व्हिएतनामचं. ८ जून १९७२, त्रांग बांग. नापाम बॉम्बनं भाजलेली नऊ वर्षांची किम फुक रस्त्यावरून उघडी धावत येतेय. या फोटोवर पन्नास वर्षं निक उट यांचं नाव आहे. १९७३ चं पुलित्झर त्यांना मिळालं. त्यांनी मुलीला दवाखान्यात पोचवलं, हेही सर्वांना ठाऊक. २०२५ च्या जानेवारीत एका माहितीपटानं दावा केला की फोटो त्यांचा नव्हेच, न्युएन थान्ह न्ये नावाच्या एका स्ट्रिंगरचा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या सायगाव ऑफिसात तेव्हा डेस्कवर असलेल्या माणसानं सांगितलं की वरून हुकूम आला आणि फोटोओळीतलं नाव आपण बदललं. स्ट्रिंगरला मिळाले म्हणे वीस डॉलर आणि एक प्रिंट. निक उट हे ठामपणे नाकारतात. असोसिएटेड प्रेसनं स्वतः चौकशी केली आणि नाव बदलण्याइतका पुरावा नाही म्हणून त्यांचंच नाव कायम ठेवलं. वृत्तछायाचित्रांना दरसाल पारितोषिकं देणाऱ्या वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेनं मात्र मे २०२५ मध्ये आपल्याकडचं श्रेय स्थगित केलं. पारितोषिक फोटोला, पण फोटो कुणाचा ते मोकळं.

खरं कुणाचं, ते ठरवणारा मी कोण? पण एक गोष्ट मला या खेड्यातही कळते. वीस डॉलर आणि एक प्रिंट हा सौदा कसा होतो, ते कुठल्याही स्ट्रिंगरला समजावून सांगावं लागत नाही. आणि डेस्कवर बसलेल्या एका माणसानं फोटोओळीत टंकलेल्या दोन शब्दांवर अर्ध्या शतकानंतर जगभर वाद होतो, एवढं वजन त्या दोन शब्दांना असतं.

आपल्याकडचं सांगायचं तर होमाई व्यारावाला. नवसारीच्या, शिकल्या मुंबईत जे. जे. ला. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आता त्यांच्यावर लेख येतात, २०११ मध्ये पद्मविभूषणही मिळालं. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापले जायचे ते पती माणेकशा यांच्या नावानं. बाईचं नाव कोण ओळखणार, म्हणून. मोबदला फोटोमागं एक रुपया. पुढं त्यांनी स्वतःला गमतीनं 'डालडा १३' म्हणवून घेतलं, जन्म १९१३ चा आणि गाडीचा नंबर डीएलडी १३ म्हणून. तुपाच्या डब्याचं नाव चाललं, स्वतःचं चाललं नव्हतं.

किंवा नारायण विनायक विरकर. हे नाव वाचून थबकला असाल तर माझं म्हणणं सिद्ध झालं. गिरगावात स्टुडिओ असलेला हा मराठी माणूस १९१९ मध्ये अमृतसरला गेला आणि जालियनवाला बागेच्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांचे फोटो काढून आला. दर एप्रिलला भिंतीचा फोटो लागतो. नाव लागलेलं मी तरी क्वचितच पाहिलं. सिनेतारकांच्या फोटोंवर गौतम राजाध्यक्षांचं नाव मात्र कुणी गाळत नसे. म्हणजे जागा नाही, ही सबब खरी नव्हे.

कायदाही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, असं सरळ लिहिलंय. हक्क विकला तरी 'हे काम माझं' असं सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडंच राहतो. मला कोर्टकचेरी करायची नाही. तीनशे रुपये मानधनासाठी वकील कोण लावेल?

रात्री साडेअकराला पान सोडायचं असतं, फोटो मिळेल तिथून उचलावा लागतो, हे मला कळतं. माझे दोन भाचे डेस्कवर आहेत. त्यांनीच मला एकदा सुनावलं, "मामा, नाव शोधत बसलो तर आवृत्ती चुकेल." कबूल. पण मग 'छायाचित्रकाराचं नाव मिळालेलं नाही, ठाऊक असल्यास कळवा' एवढं टाकायला काय जातं? पोर्टलला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करायची सोय आहे. १९९३ मध्ये केव्हिन कार्टरचा सुदानमधला, गिधाड आणि उपाशी मुलाचा फोटो न्यूयॉर्क टाइम्सनं छापला तेव्हा वाचकांनी इतकी विचारणा केली की, त्या मुलाचं पुढं काय झालं हे आपल्याला माहीत नाही, असा संपादकीय खुलासा त्यांना छापावा लागला. माहीत नाही, हे छापता येतं. (फोनवरून कुणीतरी कार्टरला 'तिथं दोन गिधाडं होती' असं म्हणाल्याचा किस्सा मराठी व्हॉट्सअॅपवर दरसाल फिरतो. मूळ आधार मला कुठंही सापडला नाही. तुम्ही तरी तो अग्रलेखात वापरू नका.)

कधी कधी नाव सापडणारच नसतं. डिसेंबर १९८४, भोपाळची वायुदुर्घटना. मातीत पुरलं जाणारं मूल, उघडे डोळे, वरून एक हात. रघू राय यांनी कृष्णधवल काढला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत, त्याला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा पहिला मान मिळाला. त्या मुलाचे आईबाप कधीच पुढं आले नाहीत. फोटोखाली 'अनोळखी मूल' असंच लिहितात. तिथं 'अनोळखी' हा शब्द खरा आहे, शोधून थकल्यावर लिहिलेला. आमचे टेलर अनोळखी नाहीत. बसस्टँडवर उतरून कुणालाही विचारा.

या पावसाळ्यातही सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पट्टीवर पाणी चाळीस फुटांच्या वर गेलं की तुम्हाला पुराचा फोटो लागणार. आमच्या गावातलं पाणी हवं असेल तर जुन्या फोल्डरमध्ये हात घालू नका, मला फोन करा. पाणी आलं असेल तर नवा काढून पाठवतो, नसेल तर नाही म्हणून सांगतो. आणि जुनाच हवा असेल तर तोही देतो, डॉक्युमेंट म्हणून. टेलरांना मी विचारून ठेवलंय. त्यांची हरकत नाही. नाव घाला म्हणाले, दुकानाचं नावही घाला, आणि '२०१९' तेवढं ठळक घ्या. मशीन चालू आहे, हेही लिहिता आलं तर बघा म्हणाले, दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत.

कळावे,
आपला,
कृष्णाकाठचा एक स्ट्रिंगर

ता. क. : २००५ च्या पुरात रबरी बोटीत कोंबडी घेऊन बसलेल्या आजी कुणाच्या ओळखीच्या असतील, तर त्यांच्या घरच्यांना निरोप द्या. त्यांची प्रत मी काढून ठेवली आहे.